भोवती नदीभर पाणी, तरी बोटीतली आग का विझत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. चिकोडी तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातल्या तरुण मंडळाने पुराच्या कामासाठी वर्गणी काढून अठरा फुटी फायबरची बोट घेतली आहे. मागे २५ हॉर्सपॉवरचं पेट्रोलवर चालणारं आऊटबोर्ड मशीन. मंडळातल्या एकाचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला आहे. तो म्हणतो, आमच्याकडे सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस), फोम, पाण्याचे होज सगळं असतं, तुम्हीही तसं काहीतरी बसवा. बाकीचे म्हणतात, भोवती एवढं पाणी असताना आगीची कसली भीती? तेव्हा खरं काय धरायचं आणि सिलिंडर किती किलोचा घ्यायचा? सोबत बोटीचा फोटोही पाठवलाय.

मी बेळगावचा. २६ वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून. समुद्र नसलेल्या गावचा माणूस जहाजावर कसा, हे मला आयुष्यभर विचारलं गेलंय, त्यामुळे नदीकाठच्या पोरांनी बोटीचं विचारलं की बरं वाटतं. उत्तर जरा लांबेल. तुमचा मावसभाऊ चुकीचं सांगत नाही, पण तो त्याच्या जहाजाचं सांगतोय, आणि ते तुमच्या बोटीला लागू होत नाही.

आधी जहाजावर काय होतं ते ऐका.

दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन बंदर सोडून तिसरा दिवस होता. मी तेव्हा सेकंड इंजिनियर. पहाटे पावणेतीनला बेल वाजली. दोन नंबरच्या जनरेटरवर इंधनाच्या एका बारीक नळीचा जोड सैल झाला होता आणि डिझेलचा फवारा एक्झॉस्टच्या पाइपावर उडत होता. २२० अंशांच्या वर तापणारा प्रत्येक भाग झाकलेला असला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. आमचाही झाकलेला होता, पण दुरुस्तीनंतर लॅगिंगचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणाचा, एक तुकडा नीट बसवला गेला नव्हता. तळहाताएवढी जागा उघडी राहिली होती. तेवढी पुरली.

थर्ड इंजिनियरने फोमचा एक सिलिंडर मारून पाहिला. ज्वाळा दबल्या, पुन्हा उठल्या. धूर इतका की हातातल्या टॉर्चचा उजेड स्वतःच्या बुटापर्यंत पोचेना. चीफने सगळ्यांना वर काढलं. मग बाहेरूनच इंधनाच्या टाक्यांचे क्विक क्लोजिंग (लांबून झटक्यात बंद होणारे) व्हॉल्व्ह ओढले, हवा आत सोडणारे ब्लोअर बंद केले, चिमणीकडचे डॅम्पर, म्हणजे हवेची वाट बंद करणारी झाकणं, पाडले, दारं लावून घेतली. आता सीओटू सोडायचा. नियमाप्रमाणे हा गॅस एवढा ठेवलेला असतो की इंजिन रूमचा सुमारे ४० टक्के भाग त्यानेच भरावा, आणि त्यातला ८५ टक्के दोन मिनिटांत आत गेला पाहिजे. आग मरते, पण आत कोणी राहिलं असेल तर तोही मरतो. म्हणून आधी मोजणी. बावीस माणसं, मोजणीत एकवीस. फिटर नाही. चीफचा हात हँडलवर आणि आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघतोय. चारेक मिनिटांनी फिटर आला. चष्मा आणायला केबिनमध्ये गेला होता.

त्यानंतर गॅस सोडला आणि खरा कंटाळवाणा भाग सुरू झाला. इमर्जन्सी फायर पंप इंजिन रूमच्या बाहेर असतो, तो चालू करून आम्ही भोवतीच्या भिंती आणि वरचा डेक पाण्याने गार करत बसलो. मधूनमधून लोखंडाला हाताची पाठ लावून बघायची. तळवा लावायचा नाही, भाजला तर होज धरता येत नाही. दार उघडलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये तीनदा कुणीतरी म्हणालं, जरासं उघडून बघूया का. चीफ एकच शब्द बोलला: नाही. तापलेल्या लोखंडाला आणि तेलाला पुन्हा हवा मिळाली की आग परत पेटते, आणि सीओटू मात्र एकदाच वापरता येतो.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की यात आगीवर पाणी जवळजवळ मारलंच नाही. जहाजावर आग कोंडून मारतात. त्यासाठी लोखंडी भिंती, बंद होणारी दारं, पोटातली आग सोडून बाहेर उभं राहायला जागा आणि वीस-बावीस माणसं लागतात. आणि वेळ लागतो. भर समुद्रात १०१ लावता येत नाही. तिथे कूक आणि ऑइलर हेच बंबवाले. म्हणून महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाने फायर ड्रिल केलीच पाहिजे असा नियम आहे. खलाशी तिला शिव्या घालतात, मीही घातल्यात.

आपल्याकडे निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आग धुमसायला लागली की जुने हमाल काय करतात? आधी दारं-खिडक्या लावतात. आत पोत्यांच्या पोटात निखारा असतो. वरून पाणी ओतलं तर वरचा थर भिजतो, खालचा धुमसत राहतो. आणि कुणी शहाणा दार सताड उघडून बघायला गेला की भडका. जहाजावरच्या कापसाच्या आगीचं नेमकं हेच. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं. त्याच्या पोटात कापसाच्या गठड्या होत्या आणि सुमारे १४०० टन दारूगोळाही. बंबवाल्यांनी दुपारभर पाणी मारलं, पण पाणी निखाऱ्यापर्यंत पोचलं नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

पाण्याचं आणखी एक दुखणं आहे, ते जमिनीवरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. बारा मिलिमीटरच्या साध्या नोझलमधून तीन बार दाबाने तासाला सुमारे दहा टन पाणी जातं. चार होज लावले तर तासाला चाळीस टन. ते आत साठतं, जहाज जरा कललं की सगळं त्याच बाजूला धावतं आणि जहाज आणखी कलतं. १९४२ साली न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नॉर्मांडी हे अवाढव्य प्रवासी जहाज पेटलं. विझवायला ओतलेल्या पाण्याच्या भारानेच ते आडवं झालं. २०२४ च्या जुलैत मुंबईच्या नौदल गोदीत आयएनएस ब्रह्मपुत्राला आग लागली. आग आटोक्यात आली, पण नंतर युद्धनौका एका कुशीवर कलंडली. आणि कोंडता येईल अशी आग नसेल तर मोठ्या जहाजाचंही काही चालत नाही. २०२५ च्या जूनमध्ये केरळच्या किनाऱ्यापासून दूर वान हाय ५०३ हे कंटेनर जहाज पेटलं. बावीस खलाशांपैकी अठरा वाचले, चौघे बेपत्ता. तटरक्षक दलाने पाण्याचा मारा केला तरी ती आग आठवडे पुरली, कारण ती डेकवरच्या शेकडो लोखंडी पेट्यांच्या आत होती आणि प्रत्येक पेटीत काय भरलंय ते कागदावरूनच कळणार.

आता तुमची बोट.

तुमच्याकडे दार नाही, भिंत नाही, डॅम्पर नाही. बोट उघडी आहे, म्हणजे सीओटूचा सिलिंडर मारलात तर गॅस वाऱ्यावर जाणार आणि सहा-सात सेकंदांनी ज्वाळा पुन्हा तशीच. मावसभावाला हे सांगा, तो हसून मान्य करील. बोट बनलीय काचेच्या धाग्याची आणि पॉलिएस्टर रेझिनची. काच जळत नाही, रेझिन जळतं, आणि एकदा धरलं की काळाकुट्ट, घशाला डसणारा धूर सोडत पाण्याच्या रेषेपर्यंत जळत येतं. त्याखालचा भाग तेवढा राहतो, कारण त्याला नदी बाहेरून गार ठेवते. भोवतीच्या पाण्याचा उपयोग झाला तो एवढाच.

२०१९ च्या पुरात मी मदतीचं सामान घेऊन दूधगंगेकाठच्या एका गावात गेलो होतो. नाव सांगत नाही, पोरं भली होती. शाळेच्या पायरीला बोट बांधलेली, मशीन नुकतंच बंद केलेलं, अजून तापलेलं. एकजण वीस लिटरच्या कॅनमधून अर्ध्या कापलेल्या बिसलरीच्या बाटलीचं नरसाळं करून टाकीत पेट्रोल ओतत होता. अर्धा-पाऊण लिटर खाली सांडलं असेल. तेवढ्यात दुसऱ्याने सर्चलाइट लावायला बॅटरीची क्लिप टर्मिनलला टेकवली. भक्क! आवाज मोठा नव्हता. गॅसची शेगडी उशिरा पेटते तसा. तिघांनी पाण्यात उड्या मारल्या, भुवया जळाल्या, बाकी वाचले. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून.

त्यापुढचं मी पायरीवरून पाहिलं. लाल सिलिंडर बोटीत होता, नवाकोरा. बांधलेला कुठे? मागे, मशीनच्या शेजारी. ज्वाळेच्या पलीकडे. एकाने बादलीभर पाणी फेकलं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे मागे होती ती आग पाण्याबरोबर वाहत पुढच्या बाकापर्यंत आली. त्यानंतर कुणी काही केलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

पेट्रोलचं एक ध्यानात धरा. पेटतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ, आणि ती उणे चाळीसच्या थंडीतही सुटते. आपल्या जुलैतल्या हवेचं तर विचारूच नका. ही वाफ हवेहून तिपटी-चौपटीने जड. पाण्यासारखी खाली उतरते आणि सगळ्यात खोल जागी बसते. गुळाच्या काहिलीत बसून पूर ओलांडणाऱ्या जुन्या लोकांना मशीन नव्हतं, तसा हा धोकाही नव्हता. बोटीचं पोट म्हणजे वरून उघडी, खालून बंद अशी काहीलच. हवेत वाफेचं प्रमाण दीड टक्का झालं की ठिणगीची वाट बघायची. जहाजावर मात्र साधारणपणे ६० अंशांच्या खाली वाफ पेटेल असं इंधन वापरायलाच बंदी आहे. म्हणजे लाखभर टनांच्या जहाजात माझ्याकडे जे पेटतं द्रव्य नव्हतं, ते तुम्ही पायाशी घेऊन बसता. म्हणून मी म्हणतो, तुमची निम्मी-अधिक लढाई आग लागण्याआधीची आहे.

पेट्रोल बोटीत भरू नका. टाकी सुटी असेल (तुमच्या फोटोत सुटीच आहे) तर उचलून काठावर आणा, जमिनीवर ठेवा, तिथे भरा. पंपावरून कॅन आणतानाही तो टेम्पोच्या हौद्यात ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवून. प्लॅस्टिकवर घासून साठणारी वीज दिसत नाही, पण ठिणगी टाकते. गळ्यापर्यंत भरू नका, उन्हाने फुगतं. मशीन गार होऊ द्या. भरून झाल्यावर बोटीच्या तळाशी वाकून वास घ्या. मी खरंच सांगतोय, नाक लावा. वास आला तर सगळं पुसून, पाच-दहा मिनिटं वारा खेळू देऊन मगच मशीन.

बॅटरी टाकीजवळून हलवा, पुढच्या बाकाखाली न्या. टर्मिनलवर रबरी टोप्या आणि वायरला फ्यूज. चार्जिंग घरी करा, बोटीत नको. पेट्रोलची नळी आणि मधला दाबायचा फुगा दर पावसाळ्याआधी वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. बोटीत विडी-सिगारेट नाही हे सांगायला नको, पण निपाणीच्या एवढं जवळ असताना सांगितलेलं बरं.

आता सिलिंडर. एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, पेट्रोल-तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारा), आयएस १५६८३ असं मानक छापलेला. सहा किलोचा एक घेण्याऐवजी दोन किलोचे दोन घ्या. एक मशीन चालवणाऱ्याच्या हाताशी, पण मशीनपासून दूर, म्हणजे मधल्या बाकाच्या पुढच्या अंगाला. दुसरा नाकाडाशी. आग कुठेही असली तरी एक अलीकडे राहिला पाहिजे. दोन किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. तुम्ही म्हणाल, एवढाच? एवढाच. म्हणून लांबून, ज्वाळेच्या शेंड्यावर मारायचा नाही. वारा पाठीवर घेऊन, बुडाशी, झाडू मारल्यासारखा. पावडर आग दाबते, गार करत नाही. विझल्यासारखी वाटली तरी पाठ फिरवू नका, दुसरा सिलिंडर तयार ठेवा. बोटीच्या हादऱ्याने आतली पावडर तळाला बसून ढेकूळ होते. महिन्यातून एकदा उलटा करून हलवायचा, आत भुसभुशीत सरकल्याचं हाताला जाणवतं. काटा हिरव्यात आहे का ते बघायचं, झालं.

पाण्याचा पंप नको. पेट्रोलवर तो उलटा पडतो, आणि दोनशे लिटर पाणी आत आलं म्हणजे तीन माणसं जास्तीची बसली. बादली ठेवा, ती लागेल कापडाला, दोरखंडाला, बाकाच्या गादीला. पेट्रोल संपून नुसतं सामान धुमसत असेल तर पाण्यासारखं औषध नाही.

आग लागलीच तर क्रम असा, आणि तो सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. किल स्विचची दोरी ओढायची, मशीन बंद. नळी टाकीपासून सोडवायची, हात पोचत असेल तरच. माणसं पुढे. मशीन मागे असल्यामुळे बोटीचं नाक वाऱ्याकडे असेल तर ज्वाळा मागे, बोटीबाहेर झुकते. नाकावरून दोरीला बांधलेली भरलेली बादली टाकली तर बोट आपोआप वाऱ्याला तोंड देते. मग एकच माणूस सिलिंडर मारील. एक संपला, दुसरा संपला, तरी आग आहे? मग बोट सोडायची. तिसरा उपाय शोधायचा नाही. वर्गणीची बोट आहे म्हणून जीव अडकतो, मला कळतं.

उडी कुठल्या बाजूला, यावर लोक गोंधळतात. पुरात सगळे म्हणतात, प्रवाहाच्या वरच्या अंगाला. पण प्रवाह बोटीला, तुम्हाला आणि सांडलेल्या पेट्रोलला सारखाच वाहून नेतो. फरक पाडतो तो वारा. तो बोट आणि पाण्यावरचं पेटतं पेट्रोल एका बाजूला ढकलतो. म्हणून वारा येतो त्या बाजूला उडी, आणि त्याच दिशेला पोहत दूर. बोट झाडाला किंवा खांबाला बांधलेली असेल तर मात्र प्रवाहाचाही विचार करावा लागतो, कारण मग पेट्रोल बोटीला सोडून खाली वाहतं. तिथे खालच्या अंगाला उडी नकोच. लाइफ जॅकेट आधीपासून अंगात असलं तरच हे सगळं. बाकाखाली दोरीने बांधून ठेवलेली जॅकेटं मी पाहिली आहेत, गाठ ओल्याने घट्ट झालेली.

जहाजावर आम्ही आगीशी झगडतो ते शौर्य म्हणून नव्हे. चौफेर समुद्र, लाइफबोटीत उतरणं हाही जीवघेणा खेळ, तेव्हा जहाज वाचवणं हेच जीव वाचवणं. तुमच्याकडे काठ आहे, झाडाचे शेंडे आहेत, पाठोपाठ दुसरी बोट आहे. पुराच्या कामाला एकटी बोट कधीच सोडू नका.

मालवण-गोव्याला जाऊन कधी बंद केबिनच्या बोटीत बसलात, तर आधी बाहेर पडायच्या दोन वाटा बघा आणि त्या दोन्ही एकाच जागी निघत नाहीत ना तेही बघा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात कन्सेप्शन नावाची पंचाहत्तर फुटी बोट रात्री पेटली. खाली झोपलेले चौतीस जण गेले. वाटा दोन होत्या, दोन्ही वरच्या एकाच खोलीत उघडत होत्या, आणि रात्री फिरून बघणारा कुणी जागा नव्हता. आणि खाली इंजिन असलेली डिझेलची बोट घ्यायचा विचार पुढे झालाच, तर इंजिनाच्या झाकणाला सिलिंडरचं तोंड जाईल एवढं भोक आधीच पाडून घ्या. आग लागल्यावर झाकण उचललं की हवा मिळते. तिथे मात्र सीओटू चालतो, कारण तिथे कोंडायला पेटी आहे. मावसभावाचं म्हणणं तिथे खरं ठरेल.

बोटीची नोंदणी, तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते. ते तहसीलदार कचेरीत विचारून मार्गी लावा, पूर आल्यावर कुणाला वेळ नसतो.

सराव मात्र पाणी चढण्याआधी, मेमध्ये. काठावर रिकाम्या पत्र्याच्या डब्यात कपभर डिझेल पेटवा, आणि मुदत संपत आलेला एखादा सिलिंडर प्रत्येकाच्या हातात दोन-दोन सेकंद द्या. पिन ओढायची कशी हे अंधारात, ओल्या हाताने करून बघा. आमच्या जहाजावर एका नवीन पोराने ड्रिलमध्ये पिन न काढता हँडल असं दाबलं की ते वाकलं.

शेवटी फोटोबद्दल. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, चालवताना उघडायचा, ने-आण करताना बंद करायचा. तुमच्या टाकीवर तो दिसत नाही. त्या भोकात कुणीतरी चिंधीचा बोळा कोंबलाय. पेट्रोलने भिजलेला तो बोळा म्हणजे काकडाच आहे, फक्त अजून पेटवलेला नाही. सिलिंडर नंतर घ्या, आधी तो काढा. बेळगावला येणं झालं तर झाकण बरोबर आणा, स्क्रू मापाचा लागतो.